कचऱ्याचा काटा नेमका कुठे ठेवायचा?

सरासरी भारतीय माणूस रोज किती कचरा करतो? या प्रश्नाची तीन उत्तरं सहज सापडतात आणि तिन्ही जबाबदार संस्थांच्या आकड्यांवरून आलेली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या वार्षिक अहवालात उत्तर आहे सुमारे ११९ ग्रॅम. नियोजन आयोगाच्या कृतिगटाने २०१४ मध्ये दिलेले आकडे घेऊन भागाकार केला, तर येतात ४५० ग्रॅम. आणि जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालातला भारताचा आकडा घेतला, तर माणशी ५७० ग्रॅमच्या आसपास. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरात जवळजवळ पाच पटींचा फरक आहे.

यातला एकही आकडा खोटा नाही. तिघांनी वजन वेगवेगळ्या कचऱ्याचं केलंय आणि भागलंय वेगवेगळ्या लोकसंख्येने. शाळेत अपूर्णांक शिकवताना बाई सांगायच्या, वरचा तो अंश, खालचा तो छेद. कचऱ्याचा प्रत्येक आकडा हा असाच एक अपूर्णांक असतो. छापताना मात्र त्यातलं फक्त उत्तर छापलं जातं. अंशात काय घेतलं, छेदात कोण घेतलं आणि वजनाचा काटा कुठे ठेवला होता, हे मागच्या पानांवर राहतं. बातमी तिथपर्यंत जातच नाही.

देशाचे आकडे एकदम हातात घेतले की डोकं गरगरतं. म्हणून आपण आधी एका कॉलेजपासून सुरुवात करू. विद्यापीठाचा परिसर म्हणजे कुंपण घातलेलं छोटं गावच असतं. राहणारी माणसं आहेत, येऊन-जाऊन असणारी आहेत, स्वयंपाक आहे, बाग आहे, दवाखाना आहे, बांधकाम तर कायमच चालू. आणि गावाला नसते ती एक गोष्ट इथे आहे, ती म्हणजे फाटक. आत काय आलं आणि बाहेर काय गेलं, हे ठरवलं तर मोजता येतं. शिवाय ही नुसती हौस नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना ‘मोठे कचरा निर्माते’ म्हटलं आणि त्या यादीत शाळा, कॉलेजं, विद्यापीठं, वसतिगृहं यांची नावं स्पष्ट लिहिली. आपण १०० किलोच्या वर आहोत की खाली, हे कळायलासुद्धा आधी मोजावं लागतंच.

अंशात काय घ्यायचं?

समजा, पालिकेच्या घंटागाडीत जाईल तेवढाच कचरा मोजायचा ठरवला. मग झाडांचा पालापाचोळा सुटला, कारण तो मागच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातो, किंवा वाईट म्हणजे पेटवला जातो. जुन्या उत्तरपत्रिका सुटल्या. त्या कधीतरी एकाच दिवशी टेम्पो भरभरून रद्दीत जातात आणि त्यांचं वजन कचऱ्याच्या वहीत नसतं, ते लेखा विभागाच्या पावतीवर असतं. मोडकी बाकं आणि बंद पडलेले संगणक भंगारात गेले. प्रयोगशाळेतली रसायनं आणि दवाखान्यातल्या सुया यांचे नियम वेगळे, गाडी वेगळी. आणि दुरुस्तीच्या कामातला राडारोडा तर एका दिवसात वर्षभराच्या चहाच्या कपांपेक्षा जड भरू शकतो.

यातलं काय धरायचं आणि काय नाही, याचं एकच बरोबर उत्तर नाही. एकदा ठरवलेलं शेवटपर्यंत पाळणं आणि ते लिहून ठेवणं, एवढंच आपल्या हातात असतं. जगातल्या दोन अभ्यासांकडे पाहिलं की हे लक्षात येतं. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया स्वायत्त विद्यापीठाच्या मेहिकाली परिसरातल्या कचऱ्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रोज सुमारे एक टन कचरा निघत होता आणि त्यातला ६५ टक्क्यांहून अधिक पुन्हा वापरात आणता येण्याजोगा होता. त्यांनी इमारतींबरोबर बागांचा कचराही धरला होता. दुसरा अभ्यास कॅनडातल्या उत्तर ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा, प्रिन्स जॉर्ज गावातला, २०१० चा. तिथे आकडा आला आठवड्याला १.२ ते २.२ टन. त्यातला ७० टक्क्यांहून जास्त कचरा डेपोत जाण्यापासून वाचवता आला असता. कागद, पेयांचे एकदाच वापरायचे कप-डबे आणि कुजणारा कचरा, हे तिथले तीन मोठे वाटेकरी.

आता कुणी म्हणेल, मेक्सिकोवाले रोज एक टन करतात आणि कॅनडावाले आठवड्याला दोन टन, म्हणजे कॅनडावाले शहाणे. असं म्हणता येणार नाही. एका बाजूला बागा धरल्या आहेत, विद्यार्थीसंख्या वेगळी, हवामान वेगळं, आणि तपासलेल्या जागाही वेगळ्या. या अभ्यासांचं खरं मोल एकूण टनांत नाहीच. आपल्या परिसरातला कुठला कचरा टाळता येईल, हे त्यांनी आपापल्या विद्यापीठाला दाखवून दिलं, आणि ते उत्तर त्यांना खरोखर वापरता येण्यासारखं होतं.

वजन, आकारमान आणि पाणी

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काटाच नसतो. मग ‘आज तीन ट्रॉल्या गेल्या’ अशी नोंद होते. ट्रॉलीवरून वजन काढायचं तर कचऱ्याची घनता माहीत हवी, आणि कचऱ्याची घनता फार लबाड असते. सहा घनमीटरची गाडी घ्या. तीत खोकी, बाटल्या आणि सुका पाला असेल, घनमीटरला २०० किलो धरले, तर भरलं १.२ टन. तीच गाडी मेसच्या खरकट्याने आणि भाजीच्या देठांनी भरली, घनमीटरला ४५० किलो धरले, तर झालं २.७ टन. वहीत दोन्ही दिवशी ‘एक गाडी’. भारतातला कचरा साधारणपणे अमेरिकेतल्या कचऱ्यापेक्षा जास्त घन असतो, कारण त्यात ओला भाग मोठा आणि वेष्टनांचा फुगवटा कमी. म्हणून तिकडच्या पुस्तकातली घनता उचलून इकडच्या गाडीला लावली की हिशेब तिथेच चुकतो.

काटा असला तरी पाण्याचा प्रश्न राहतोच. ओल्या पाल्याचा १०० किलोचा ढीग घ्या, त्यात ६० टक्के पाणी आहे. म्हणजे खरा पाला ४० किलो. तो उन्हात पडून राहिला आणि पाणी ४० टक्क्यांवर आलं, तर ढिगाचं वजन होतं ६७ किलो. एकही पान कुणी उचललेलं नाही, आणि कचरा एक तृतीयांशाने कमी झाला! जून-जुलैत मोजणी करून ‘यंदा कचरा वाढला’ असं म्हणणाऱ्याने आधी आभाळाकडे पाहावं. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात ऋतू लिहिलेला असतो, आणि जमेल तिथे नमुना भट्टीत वाळवून ओलावा वेगळा काढलेला असतो.

दिवसांचंही तसंच. सोमवार आणि रविवार सारखे नसतात. परीक्षेचा आठवडा, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन, पदवीदान समारंभ, प्रत्येकाची पिशवी वेगळी. एकाच दिवशी मोजून ३६५ ने गुणणं म्हणजे एका शितावरून भात नाही, अख्ख्या गावाचं जेवण ठरवणं. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात नीट ढवळलेला असतो म्हणून. कचरा ढवळलेला नसतो. किती दिवस मोजायचं याचा एक साधा नियम संख्याशास्त्रात आहे. सरासरीतली अनिश्चितता निम्मी करायची असेल, तर दिवस दुप्पट नाही, चौपट घ्यावे लागतात. एका आठवड्याच्या मोजणीनंतर उत्तर ढोबळ वाटलं आणि ते दुप्पट नेमकं हवं असेल, तर चार आठवडे. म्हणूनच सगळे एका मर्यादेनंतर थांबतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ‘रोज ५२० किलो’ असं लिहिण्याऐवजी ‘४५० ते ५९० च्या दरम्यान’ असं लिहिलं तर ते जास्त प्रामाणिक होतं. समित्यांना मात्र एकच आकडा हवा असतो, हे मला खरोखर खटकतं.

आत काय-काय आहे हे पाहायची पद्धत जुनी आणि सोपी आहे. ताडपत्रीवर ढीग ओतायचा, फावड्याने नीट मिसळायचा, सपाट करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन भाग ठेवायचे, उरलेले बाजूला. पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार भाग. हाताळता येईल एवढा नमुना उरला की हातमोजे, मुखपट्टी घालून निवडायला बसायचं. कागद एका टोपलीत, प्लास्टिक एका, अन्न एका. अमेरिकेतल्या प्रचलित मानक पद्धतीत निवडण्यासाठीचा एक नमुना ९१ ते १३६ किलोंचा सांगितलेला आहे. त्याहून लहान घेतला तर एखादी फुटकी कुंडी अख्खं प्रमाण बिघडवते आणि मोठा घेतला तरी अचूकता फारशी वाढत नाही, कमरा मात्र मोडतात.

टक्सनमधला पुरातत्त्वज्ञ

निवडायला बसण्याचं महत्त्व जगाला कुणी पटवून दिलं असेल तर ते विल्यम रॅथ्जी यांनी. हे पुरातत्त्वज्ञ. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांच्या उकिरड्यांवरून त्यांचं जगणं समजून घेणं, हा त्यांच्या विषयाचा पायाच. १९७३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात त्यांनी विचार केला, मग आजच्या माणसांचा कचरा का वाचू नये? टक्सन शहरातल्या घरांचा कचरा विद्यार्थ्यांनी हातमोजे घालून निवडायला घेतला, एकेक वेष्टन, एकेक डबा नोंदवला. दुसरीकडे लोकांना प्रश्नावल्या देऊन विचारलं, तुम्ही काय खाता, काय पिता, काय टाकता?

दोन्ही उत्तरं जुळेनात. लोक सांगत होते त्यापेक्षा बिअरचे डबे कितीतरी जास्त निघत होते. त्याच वर्षी अमेरिकेत गोमांसाची टंचाई होती. टंचाईत लोक जपून वापरतील असं कुणालाही वाटेल, पण कचऱ्यात वाया गेलेलं मांस वाढलेलं दिसलं. रॅथ्जींचं स्पष्टीकरण असं की घाबरलेल्या लोकांनी मिळेल ते, पूर्वी कधी न शिजवलेल्या प्रकारचंही मांस साठवून ठेवलं आणि ते वाया गेलं.

१९८७ पासून त्यांच्या गटाने कचरा डेपोच खणायला सुरुवात केली. तिथे दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली. त्यांच्यावरूनच थरांची तारीख ठरवता आली. लोकांना विचारलं की डेपोत सर्वात जास्त काय असेल, तर उत्तर यायचं बाळांचे डायपर, बर्गरची वेष्टनं आणि थर्माकोल. खणून पाहिल्यावर हे तिन्ही मिळून तीन टक्क्यांच्याही आत भरलं. कागद त्यांच्या कित्येक पट होता. डोळ्यात भरतं ते आणि डेपो भरतं ते वेगळं असतं. आपल्या कॉलेजातही विचारून पाहा. मुलं म्हणतील, पाण्याच्या बाटल्या. काट्यावर मात्र बहुतेक वेळा ताटात टाकलेलं अन्न पुढे निघतं. भारतीय शहरांच्या कचऱ्यातही साधारण निम्मा भाग कुजणाराच असतो.

आता छेद

आपल्या कॉलेजकडे परत येऊ. सोयीसाठी मी काही आकडे धरतो. पटावर ४,००० विद्यार्थी. त्यातले ६०० वसतिगृहात राहतात. बाकीच्या ३,४०० पैकी रोज सरासरी २,००० येतात. कर्मचारी आणि प्राध्यापक ३००, तेही दिवसापुरते. कचरा रोज ५२० किलो.

पटावरच्या ४,००० ने भागलं तर माणशी १३० ग्रॅम. प्रत्यक्ष आवारात असलेल्या २,९०० ने भागलं तर १७९ ग्रॅम. पण वसतिगृहातली मुलगी तिथे तीन वेळा जेवते आणि बसने येणारी फक्त एक चहा पिते, दोघींना सारखं कसं धरायचं? अमेरिकेतून सुरू झालेल्या आणि अनेक विद्यापीठं वापरत असलेल्या ‘स्टार्स’ या मूल्यांकन पद्धतीने यावर तोडगा काढला. राहणाऱ्याला पूर्ण एक धरायचं, येऊन-जाऊन असणाऱ्याला ०.७५. त्याप्रमाणे आपला छेद होतो २,३२५ आणि उत्तर २२४ ग्रॅम. कुणी म्हणेल, दिवसापुरता येणारा सहाच तास असतो, त्याला पाव धरा. मग छेद १,१७५ आणि उत्तर ४४३ ग्रॅम.

कचरा तोच आहे. उत्तर १३० पासून ४४३ पर्यंत फिरलं. ज्याला आपलं कॉलेज हिरवं दाखवायचंय तो पट घेईल, आणि त्याने खोटं काहीच लिहिलेलं नसेल. करोनाच्या काळात हा गोंधळ सर्वात उघडा पडला. मुलं घरी, पट जसाच्या तसा. पटाने भागणाऱ्या प्रत्येक संस्थेचा कचरा त्या वर्षी आपोआप कमी झाला. तो कचरा नाहीसा झाला नव्हता. त्यातला बराचसा घराघरांतल्या डब्यांत गेला होता.

विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या पाहताना म्हणूनच मी आधी छेद शोधतो. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीनमेट्रिक’ या जागतिक क्रमवारीत अनेक वर्षं कचऱ्याला १८ टक्के गुण होते. अशा क्रमवाऱ्यांनी कॉलेजांना कचऱ्याकडे पाहायला लावलं, हे चांगलंच झालं. त्यातून दोन संस्थांची सरळ तुलना करायला जाऊ नये. एकाच संस्थेची यंदाची आणि गेल्या वर्षीची तुलना, त्याच पद्धतीने, त्याच महिन्यात, ही मात्र विश्वास ठेवण्याजोगी असते.

देशाला फाटक नसतं

कॉलेजात जे प्रश्न होते, तेच देशाच्या पातळीवर अवाढव्य होतात. देशाचा कचरा मोजण्याचे मुख्य रस्ते तीन.

पहिला, डेपोच्या किंवा प्रकल्पाच्या दारात काटा लावायचा. दुसरा, उलट्या बाजूने यायचं. देशात किती कागद, किती काच, किती फ्रिज विकले गेले ते पाहायचं, प्रत्येक वस्तूचं आयुष्य धरायचं आणि कधी किती टाकलं गेलं असेल ते काढायचं. तिसरा, नमुन्याची घरं निवडायची, त्यांचा कचरा रोज तोलायचा आणि लोकसंख्येने गुणायचं. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ने शहरांसाठी जी पद्धत ठरवली आहे, तीत वेगवेगळ्या उत्पन्नगटांतली ९० घरं घेतात आणि आठ दिवस कचरा गोळा करतात. पहिल्या दिवसाचा कचरा हिशेबात धरत नाहीत. कारण त्या दिवशी लोक आधीचं साठलेलंही बाहेर काढतात. ही बारकाई मला फार आवडते. अशी पद्धत ज्याने ठरवली, तो नक्कीच कधीतरी कुणाच्या दारात पिशवी धरून उभा राहिला असणार.

हे रस्ते एकाच गावाला पोचतात का? अमेरिकेची पर्यावरण संस्था अनेक वर्षं दुसरा रस्ता वापरत आली. २०१८ साठी तिचा आकडा होता माणशी रोज ४.९ पौंड, म्हणजे सुमारे २.२ किलो. (अमेरिकी अहवालात ‘टन’ दिसला तर सावध राहा, त्यांचा टन ९०७ किलोंचा असतो.) येल आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पहिला रस्ता धरून पडताळा केला. डेपोंनी प्रत्यक्ष मोजून कळवलेली वजनं एकत्र केली. उत्तर आलं की २०१२ या एका वर्षात डेपोत २६.२ कोटी टन गेले. संस्थेचा त्याच गोष्टीचा अंदाज होता १२.२ कोटी टन. दुपटीहून जास्त फरक, आणि तो जगातल्या सर्वात जास्त नोंदी ठेवणाऱ्या देशांपैकी एकात! डेपोत निरनिराळ्या प्रकारचा कचरा एकत्र येतो हे त्यामागचं एक कारण, पण तेवढ्याने सगळा फरक भरून निघत नाही.

युरोपात नोंदी नीट आहेत, तिथे अडचण व्याख्येची. डेन्मार्कमध्ये माणशी वर्षाला ८०० किलोच्या आसपास नागरी कचरा दिसतो, रुमेनियात ३०० च्या आसपास. डेन्मार्क श्रीमंत आहे, जास्त खरेदी करतो, हे खरंच. पण दुकानं-कार्यालयांचा कचरा घरगुती कचऱ्याबरोबर किती धरायचा, यातही देशोदेशी फरक आहेत. युरोपीय सांख्यिकी संस्था स्वतःच तसं बजावते.

सर्वात बोलकं उदाहरण जागतिक बँकेचं आहे. २०१२ च्या अहवालात तिने म्हटलं, जगात वर्षाला १३० कोटी टन, माणशी रोज १.२ किलो. २०१८ च्या अहवालात म्हटलं, २०१६ मध्ये २०१ कोटी टन, माणशी रोज ०.७४ किलो. म्हणजे एकूण कचरा दीडपट झाला आणि माणशी कचरा बराच घटला? अर्थात नाही. पहिल्या वेळी अंशात आणि छेदात फक्त शहरं होती, सुमारे ३०० कोटी माणसं. दुसऱ्या वेळी सगळं जग होतं, ७०० कोटींहून अधिक. गावातला माणूस कमी कचरा करतो, तो छेदात आला आणि सरासरी खाली आली. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘कल’ दाखवणारा आलेख कुठे दिसला, तर तो बाजूला ठेवावा. २०५० पर्यंत कचरा ३४० कोटी टनांवर जाईल हे भाकीत २०१८ च्याच अहवालातलं आहे, त्याची तुलना २०१ कोटींशीच करायची.

त्याच अहवालात माणशी कचरा लेसोथोत ०.११ किलो आणि बर्म्युडात ४.५४ किलो आहे. बर्म्युडा हे पर्यटकांचं बेट. पर्यटकांनी टाकलेलं अंशात येतं, पर्यटक छेदात येत नाहीत. आपल्याला हे गोव्यावरून चटकन कळेल. राज्याची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास आणि २०२३ मध्ये येऊन गेलेले पर्यटक ८० लाखांहून जास्त. कळंगुटच्या किनाऱ्यावरची रिकामी बाटली ग्रामपंचायतीच्या हद्दीत मोजली जाते आणि भागली जाते ती तिथल्या कायमच्या रहिवाशांत. गोव्याची माणसं इतका कचरा करतात, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

पुन्हा ते तीन आकडे

आता सुरुवातीचं कोडं सुटेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आकडा होता रोज १,६०,०३९ टन. ११९ ग्रॅमने भागून पाहा, उत्तर येतं १३४ कोटींच्या आसपास. म्हणजे छेदात सगळा भारत आहे. आणि अंशातले टन आले आहेत मुख्यतः नगरपालिका-महापालिकांकडून. शहरांचा कचरा, भागिले शहरं अधिक गावं. नियोजन आयोगाच्या कृतिगटाचं गणित होतं वर्षाला ६.२ कोटी टन आणि २०११ च्या जनगणनेतली ३७.७ कोटी शहरी माणसं. अंशही शहरी, छेदही शहरी. जागतिक बँकेने भारतासाठी धरले २०१६ चे २७.७ कोटी टन. तिच्या पद्धतीत जिथे देशाचा आकडा नाही तिथे शहरांवरून अंदाज बांधला जातो आणि वेगवेगळ्या वर्षांचे आकडे उत्पन्नाच्या वाढीचा आधार घेऊन एका वर्षावर आणले जातात.

कुठला खरा? शहरातल्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर ४५० ग्रॅमचा भागाकार मला सर्वात सरळ वाटतो. गावाबद्दल बोलायचं तर प्रश्नच बदलतो. गावात भाजीचे देठ गोठ्यात जातात, शेण आणि पाला उकिरड्यावर कुजून शेतात जातो. शहरात जे ओला कचरा म्हणून गाडीत चढतं, ते गावात कचरा होतच नाही. मग ते मोजायचं का? मी म्हणेन, नाही. पण गुटख्याच्या पुड्या आणि शाम्पूच्या पाकिटांनी भरलेला ओढा मोजायलाच हवा, आणि तिथे आज काटा नाही.

मंडळाच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. १,६०,०३९ टन निर्माण झाले, १,५२,७५० गोळा झाले, ७९,९५६ टनांवर प्रक्रिया झाली, २९,४२७ टन डेपोत गेले. प्रक्रिया आणि डेपो मिळवून एकूणातून वजा करा, रोजचे ५०,६५६ टन उरतात. त्यांचा पत्ता नाही. आणि यात ‘निर्माण झाले’ हा स्तंभ सर्वात कच्चा आहे, कारण निर्माण होतानाचं वजन सहसा कुणी करत नाही. काट्यावर येतो तो गोळा झालेला. एखाद्या नगरपालिकेने यंदा घंटागाड्या वाढवल्या, गल्लीबोळातून उचल सुरू केली, की कागदावर तिचा कचरा वाढतो. काम चांगलं करणारं शहर जास्त घाण दिसतं. अशा आकड्यांवरून शहरांची बक्षिसं ठरवताना हे ध्यानात ठेवायला हवं.

आणि काही कचरा गाडीत चढण्याआधीच कमी झालेला असतो. पुण्यात हे काम ज्या बायकांनी केलं, त्यांचं संघटन १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ म्हणून उभं राहिलं, डॉ. बाबा आढावांसारख्यांच्या साथीने. त्याची सुरुवात झाली होती एका विद्यापीठातून, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून. कचरावेचक बायका पहाटे कुंड्यांतून जे काढत, ते भंगाराच्या दुकानात तोललं जाई आणि तिथून कारखान्यात जाई. पालिकेच्या काट्याला ते कधी लागतच नसे. तेवढी वाहतूक आणि तेवढी डेपोची जागा पालिकेची वाचत होती. हे वजन पावत्यांवरून जोडून दाखवल्यावर त्यांच्या कामाकडे काम म्हणून पाहणं भाग पडलं. १९९० च्या दशकातच त्यांना पालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेबरोबर घरोघरच्या संकलनाचा करार केला.

म्हणून कॉलेजात मोजणी करायची असेल, तर पहिल्या सकाळी काटा गाडीपाशी नेऊ नका. गाडी यायच्या तासभर आधी मागच्या फाटकाकडे जा. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा आणि बाटल्या वेगळ्या काढून पोत्यात भरत असतील. त्यांची परवानगी घ्या, पोतं आधी तोला, वजन वहीत लिहा, आणि पोतं जसंच्या तसं त्यांच्या हातात परत द्या.